दहा मिनिटांचे विमान आणि विसरलेला अर्धा धडा

१/
साल १९७२. अमेरिकेतील टेक्सास राज्यात जेमतेम वर्षभराची एक विमान कंपनी. ताफ्यात चार विमाने आणि तिजोरीत खडखडाट. चारांपैकी एक विमान विकावे लागले, पण वेळापत्रक चार विमानांचेच राहिले. उरलेल्या तिघांनी चौथ्याचे काम कसे उचलले, हा आजच्या थ्रेडचा विषय. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही गोष्ट ‘लीन’ पद्धतीचे उदाहरण म्हणून आवर्जून सांगितली जाते. मात्र तिथे ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. उरलेला अर्धा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सांगायला हवा, असे मला वाटते.

२/
या कंपनीचे नाव साउथवेस्ट एअरलाइन्स. रोलिन किंग आणि वकील हर्ब केलेहर यांनी मार्च १९६७ मध्ये ‘एअर साउथवेस्ट’ या नावाने तिची नोंदणी केली. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या टेक्सासमधीलच तीन शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडावे, एवढीच कल्पना होती. १९६८ मध्ये राज्याच्या विमान आयोगाने परवानगी दिली आणि लगेच ब्रॅनिफ, ट्रान्स-टेक्सास व कॉन्टिनेंटल या प्रस्थापित कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. १९७० मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथवेस्टच्या बाजूने निकाल दिला. पहिले उड्डाण होण्यास १८ जून १९७१ उजाडला. तोवर भांडवलाचा मोठा हिस्सा खटल्यांतच आटला होता.

३/
सुरुवात तीन बोइंग ७३७-२०० विमानांनी झाली. काही महिन्यांनी चौथे आले. प्रवासी मात्र अपेक्षेइतके येत नव्हते आणि तोटा वाढत होता. १९७२ मध्ये अध्यक्ष लमार म्यूज यांच्यासमोर पेच उभा राहिला : कर्मचारी कमी करायचे की विमान विकायचे? कंपनीच्या परंपरेत ही गोष्ट अशीच सांगितली जाते, की त्यांनी माणसे राखली आणि विमान विकले. पण वेळापत्रक आखडते घेतले असते, तर प्रतिस्पर्ध्यांना आयतेच मैदान मिळाले असते. तेव्हा जमिनीवरील कामकाजाचे प्रमुख बिल फ्रँकलिन यांनी तोडगा मांडला : विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा मुक्काम दहा मिनिटांवर आणायचा.

४/
दहा मिनिटांनी असा काय फरक पडतो? एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, एक उड्डाण ५० मिनिटांचे आहे आणि जमिनीवरचा मुक्काम २५ मिनिटांचा. म्हणजे एक फेरी ७५ मिनिटांची. बारा तासांच्या दिवसात एका विमानाच्या नऊ पूर्ण फेऱ्या होतात, चार विमानांच्या छत्तीस. आता मुक्काम दहा मिनिटांचा करा. फेरी ६० मिनिटांची झाली, एका विमानाच्या बारा फेऱ्या झाल्या आणि तीन विमानांच्या पुन्हा छत्तीसच. विमानाचा वेग तसूभरही वाढलेला नाही. वाढला तो केवळ त्याचा हवेतील काळ. विमान जमिनीवर असताना हप्ते, पगार आणि भाडे चालूच असते, कमाई मात्र थांबलेली असते.

५/
या मुक्कामात काय काय घडते, ते पाहा. प्रवासी उतरतात. पोटातील सामान उतरवले जाते आणि नवे चढवले जाते. आसनांमधला कचरा उचलला जातो. इंधन भरतात, यंत्रे तपासतात, वैमानिक हवामान व वजनाचे कागद पाहतात, मग नवे प्रवासी चढतात. पूर्वापार रीत अशी, की एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू व्हायचे आणि प्रत्येक खाते आपल्या हद्दीपुरते पाहायचे. सामान उचलणारा विमानाच्या आत पाय ठेवणार नाही, वैमानिक कचऱ्याला हात लावणार नाही. विमान थांबून राहते ते बहुतांशी कामामुळे नव्हे, तर एका कामाचा दुसऱ्याशी मेळ बसेपर्यंतच्या वाट पाहण्यामुळे.

६/
साउथवेस्टने हीच वाट पाहणे छाटले. विमान येण्याआधीच सामानाच्या गाड्या आणि माणसे नेमून दिलेल्या जागी सज्ज असत. केबिन कर्मचारी उतरण्यापूर्वी हवेतच आवराआवर सुरू करीत. गरज पडली तर वैमानिकही हात लावीत. विमानात जेवण नव्हते, केवळ शेंगदाणे आणि पेये. त्यामुळे जेवणाच्या गाड्यांची चढउतार नाही आणि खरकटेही नाही. सगळी विमाने एकाच जातीची, म्हणून सुटे भाग आणि प्रशिक्षण एकच. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येणाऱ्या सामानाची अदलाबदल नाही, म्हणून उशिरा येणाऱ्या पेटीसाठी थांबणे नाही. यातला एकही बदल दिपवून टाकणारा नाही. पण सगळे एकत्र आले तेव्हा पंधरा मिनिटे वाचली.

७/
प्रवासी चढवण्याची तऱ्हाही वेगळी होती. आसनक्रमांकच नव्हते! दाराशी प्लास्टिकचे क्रमांकाचे पास मिळत, ते परत घेऊन पुन्हा वापरले जात. आत शिरल्यावर जी जागा मोकळी दिसेल ती आपली. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. वरवर हा गोंधळ भासतो. पण जागा ठरलेली नसल्याने लवकर येण्याची ओढ लागे आणि आत गेल्यावर आपला क्रमांक शोधत कोणी मार्गिकेत खोळंबून राहत नसे. काटकसर म्हणून स्वीकारलेली ही पद्धत वेगाच्याही पथ्यावर पडली. ते कसे, हे पुढे एका खगोलशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून उलगडेल.

८/
१९७३ च्या प्रारंभी ब्रॅनिफने डॅलस–ह्यूस्टनचे भाडे निम्म्याने उतरवून १३ डॉलर केले. साउथवेस्टने प्रवाशांना पर्याय दिला : १३ डॉलरच द्या, किंवा पूर्ण २६ डॉलर देऊन मद्याची एक बाटली फुकट न्या. ज्यांचे तिकीट कचेरी काढत होती, त्या व्यापारी प्रवाशांनी आनंदाने बाटली निवडली. त्याच वर्षी कंपनीला पहिल्यांदा नफा झाला आणि २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षे तो होत राहिला. सतत बुडणाऱ्या विमान व्यवसायात हा चमत्कारच म्हटला पाहिजे. बाटलीची कथा लोकांना आठवते. पण भाडे निम्मे करूनही तग धरता आला, त्यामागे दहा मिनिटांचा हिशेब होता.

९/
आता टेक्सास थोडा वेळ बाजूला ठेवून जपानकडे जाऊ, कारण ‘लीन’ हे नाव ज्या कारखान्यांवरून पडले ते तिथे आहेत. युद्धोत्तर काळात टोयोटाकडे ना भांडवल होते, ना अमेरिकेसारखी प्रचंड बाजारपेठ. एकाच साच्याचे लाखो भाग काढून ते गुदामात रचून ठेवणे तिला परवडणारे नव्हते. म्हणून तैइची ओनो या अभियंत्याने वेगळी वाट चोखाळली : लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तितकेच बनवायचे. पण थोडे थोडे बनवायचे तर यंत्रातील साचे वारंवार बदलावे लागतात, आणि साचा बदलताना यंत्र बंद असते. विमानाच्या मुक्कामाचाच हा प्रश्न होता, केवळ यंत्र वेगळे होते.

१०/
शिगेओ शिंगो या सल्लागार अभियंत्याने या प्रश्नाची फोड केली. १९६९ मध्ये टोयोटाच्या मुख्य कारखान्यात एक हजार टनी दाबयंत्राचा साचा बदलायला चार तास लागत. शिंगो यांनी कामांची दोन गटांत विभागणी केली : यंत्र थांबवल्याशिवाय जी होत नाहीत ती ‘आतली’ कामे, आणि यंत्र चालू असतानाच उरकता येतील ती ‘बाहेरची’ कामे. मग जितकी आतली कामे बाहेर काढता येतील तितकी काढली. सहा महिन्यांत चार तासांचे दीड तास झाले आणि त्यानंतर अवघी तीन मिनिटे. साउथवेस्टचे कर्मचारी विमान उतरण्याआधीच जागेवर उभे राहत, तेव्हा तेही आतले काम बाहेर काढत होते.

११/
मग टेक्सासने जपानकडून धडा घेतला होता का? कालक्रम पाहिला तर तसे म्हणता येत नाही. ‘लीन’ हा शब्द या अर्थाने जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ मधील एका लेखात वापरला आणि १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांच्या ग्रंथाने तो जगभर पोहोचवला. दहा मिनिटांचा मुक्काम त्याआधी सोळा वर्षे सुरू झाला होता. नंतर मिळालेले नाव आधीच्या घटनेला चिकटवले, की सगळे काही कुणीतरी योजून केले असा भास होतो. इतिहास वाचताना हा मोह आवरावा लागतो. इथे दोन ठिकाणी एकाच अडचणीतून, हाताशी पैसा नसण्यातून, एकाच प्रकारचा उपाय सुचला.

१२/
अडचण समान होती, तशी आणखीही एक गोष्ट समान होती, आणि तीच बहुधा गाळली जाते. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीवरून तीव्र संघर्ष पेटला, हजाराहून अधिक कामगार बाहेर पडले आणि संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी जबाबदारी स्वीकारून अध्यक्षपद सोडले. त्या जखमेतून कंपनीत कायम कामगारांना नोकरीची शाश्वती देण्याची रीत रुजली. १९६२ मध्ये संघटना व व्यवस्थापन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. कारण उघड आहे : आपल्या कामातली वाया जाणारी मिनिटे मी दाखवून दिली आणि त्यामुळे उद्या माझीच नोकरी गेली, तर मी ती का दाखवू? साउथवेस्टने विमान विकून माणसे राखली, त्याचे मोल इथे कळते.

१३/
जोडी हॉफर गिटेल या संशोधिकेने अमेरिकी विमान कंपन्यांचे जमिनीवरचे काम जवळून अभ्यासले आणि २००३ मध्ये साउथवेस्टवर ग्रंथ लिहिला. इतर ठिकाणी विमानाला उशीर झाला की तो कोणत्या खात्याचा, हे ठरवण्याचा खटाटोप सुरू होई आणि जो तो आपला पदर झटकून मोकळा होई. साउथवेस्टमध्ये ‘सांघिक उशीर’ अशी नोंद करण्याची सोय होती : चूक सर्वांची, धडाही सर्वांचा. आणखी एक निरीक्षण लक्षणीय आहे. तिथे दर पर्यवेक्षकामागे कर्मचारी कमी होते, म्हणजे पर्यवेक्षक इतरांपेक्षा जास्त होते. काटकसरीसाठी नावाजलेली कंपनी माणसांच्या या थरावर मात्र हात राखून खर्च करत नव्हती. तिचे बहुतांश कर्मचारी कामगार संघटनांचे सभासद होते, हेही ध्यानात ठेवावे.

१४/
हे सारे दिसत असूनही अनुकरण करणाऱ्यांनी केवळ साधने उचलली. कॉन्टिनेंटलने १९९३ मध्ये ‘कॉन्टिनेंटल लाइट’ नावाची स्वस्त सेवा काढली. जेवण बंद, फेऱ्या जास्त, मुक्काम थोडा. १९९५ मध्ये ती गुंडाळावी लागली. युनायटेडची ‘शटल’ सेवा १९९४ ते २००१ अशी चालली आणि बंद पडली. शेंगदाणे कुणालाही वाटता येतात. वैमानिकाने सामानवाल्याला हात देणे मात्र आदेश काढून घडत नाही.

१५/
आता मघाचा खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकेतील फर्मिलॅब या प्रयोगशाळेत काम करणारे जेसन स्टेफन यांनी, प्रवासी कोणत्या क्रमाने चढवले तर वेळ कमी लागेल, याचे गणित २००८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी विमानाच्या प्रतिकृतीत ७२ प्रवाशांवर प्रत्यक्ष चाचणी घेतली. मागच्या रांगांपासून गटागटाने चढवायला ६ मिनिटे ५४ सेकंद लागले. कोणताही क्रम न लावता ४ मिनिटे ४४ सेकंद. आधी खिडकी, मग मधली, मग कडेची आसने अशा क्रमाने ४ मिनिटे १३ सेकंद. आणि स्टेफन यांच्या क्रमाने, म्हणजे मागून पुढे एकाआड एक रांगेतील खिडक्या आधी भरत गेल्यास, ३ मिनिटे ३६ सेकंद.

१६/
म्हणजे सर्वांत शिस्तबद्ध वाटणारी पद्धत सर्वांत मंद निघाली! कारण सोपे आहे. मागच्या चार रांगांतील माणसे एकदम आली, की सगळी त्याच थोड्या जागेत पेट्या वर ठेवण्यासाठी खोळंबतात आणि उरलेली मार्गिका रिकामी पडून राहते. क्रम न लावता माणसे आली, तर ती विमानभर विखुरतात आणि अनेकांचे सामान एकाच वेळी वर जाते. साउथवेस्टच्या मोकळ्या आसनांचे गुपित हेच. मग स्टेफन यांचा क्रम कोणी का वापरत नाही? कुटुंबाची ताटातूट कोणाला आवडेल? आणि आधी चढण्याचा मान आता कंपन्या पैसे घेऊन विकतात. विमानाचा वेळ वाचवणे आणि मान विकणे या दोन्ही गोष्टी एकाच दारातून नीट आत जात नाहीत.

१७/
इथवर आपण वाचवलेल्या मिनिटांबद्दल बोललो. आता विसरलेल्या अर्ध्या धड्याकडे वळू. टोयोटाच्या परिभाषेत टाळायच्या गोष्टी तीन आहेत : मुदा, मुरा आणि मुरी. मुदा म्हणजे अपव्यय. मुरा म्हणजे कामातील विषमता, कधी पूर तर कधी दुष्काळ. आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपेल त्याहून अधिक भार टाकणे. जगाने मुदा तेवढा तोंडपाठ केला. मुरी मागे पडला. तो खुद्द माहेरीही पाळला जाईच असे नाही. १९७२ मध्येच सातोशी कामाता हा पत्रकार टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबला आणि पुढच्या वर्षी त्याने त्या जीवघेण्या गतीचे वर्णन पुस्तकरूपाने मांडले. शाश्वतीचे छत्र कायम कामगारांवर होते, हंगामी कामगार त्याबाहेरच होते.

१८/
मुरीकडे काणाडोळा केल्याची किंमत साउथवेस्टनेही मोजली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेवर हिमवादळ आले. इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली आणि २० लाखांहून अधिक प्रवासी अडकले. विस्कटलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा विमानांशी जुळवणारी संगणकप्रणाली जुनाट होती, तिला तो भार पेलवला नाही. संघटनांनी याबाबत आधीच इशारे दिले होते. वर्षभराने सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. जमिनीवरची मिनिटे वाचवणाऱ्या कंपनीने, संकटात हात देईल त्या यंत्रणेवरचा खर्चही वाचवला होता. पहिली काटकसर होती, दुसरी हलगर्जी.

१९/
हा धडा आपल्या दाराशीही येऊन गेला. इंडिगोने ऑगस्ट २००६ मध्ये उड्डाणे सुरू केली ती याच वळणाने : सुरुवातीला एकाच जातीची विमाने, अल्प मुक्काम, चढउताराला पायऱ्यांऐवजी उतरण. देशांतर्गत प्रवाशांचा सर्वांत मोठा वाटा तिने मिळवला. २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले : साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीच्या कामावर मर्यादा. पूर्वसूचना असूनही वैमानिकांची तजवीज अपुरी ठरली. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर पेट्यांचे ढीग आणि हताश प्रवासी आपण पाहिले. गाडी रुळावर यावी म्हणून सरकारने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. म्हणजे अखेरीस ज्याच्यासाठी नियम केला, त्या विश्रांतीलाच पुन्हा कात्री लागली.

२०/
विमानाचा मुक्काम आणि वैमानिकाची विश्रांती वेळापत्रकाच्या कागदावर सारख्याच दिसतात. दोन्ही रिकामे चौकोन, दोन्हींतून कमाई नाही. पण पहिला चौकोन भरला तर कंपनी तरते आणि दुसरा भरला तर सुरक्षितता धोक्यात येते. मुदा आणि मुरी यांतील भेद ओळखणे म्हणजे या दोन चौकोनांतील भेद ओळखणे. आकड्यांचा तक्ता तो दाखवत नाही. तो ज्याच्या अंगावर भार पडतो त्याला ठाऊक असतो, म्हणून त्याला निर्भयपणे बोलता यावे लागते.

२१/
या कथेचा शेवट अगदी अलीकडचा आहे. गुंतवणूकदारांच्या दबावाखाली साउथवेस्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यालयातील १,७५० पदे, म्हणजे तिथल्या सुमारे १५ टक्के नोकऱ्या, कमी करण्याचे जाहीर केले. अर्धशतकाहून अधिक काळातील ही तिची पहिली मोठी कर्मचारीकपात. २७ जानेवारी २०२६ पासून मोकळ्या आसनांची पद्धतही संपली आणि आसनक्रमांक आले. दहा मिनिटांचा मुक्काम तर त्याच्या कितीतरी आधी, मोठी विमाने आणि कडक सुरक्षातपासणी यांमुळे इतिहासजमा झाला होता. आसनक्रमांकांची बातमी सर्वत्र गाजली. मला मात्र १९७२ च्या निर्णयाशी ताडून पाहताना कपातीची बातमी अधिक मोठी वाटते. तेव्हा हाती चार विमाने होती आणि त्यांतले एक विकले गेले. २०२५ मध्ये ताफ्यात आठशेच्या आसपास विमाने होती.

२२/
पुढच्या वेळी विमान उतरल्यावर दार उघडेपर्यंत पाच मिनिटे मिळाली, तर खिडकीतून खाली पाहा. सामानाच्या गाड्या आधीच येऊन उभ्या असतील, कोणी चाकांखाली अडसर लावत असेल. १९७२ मध्ये टेक्सासच्या धावपट्टीवर राबलेल्या ज्या माणसांनी ही घाई प्रथम जमवून दाखवली, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : वाचलेले प्रत्येक मिनिट त्यांची नोकरी राखण्यासाठी होते. तुमच्या वाचनात अशी अर्धीच सांगितली गेलेली एखादी गोष्ट आली असेल, तर खाली जरूर लिहा. त्यावरही एक थ्रेड करू.